मामांच्या जाहीरनाम्यातले कलम पहिले

माझ्या बायकोच्या मामांइतका जुन्याला धरून राहणारा माणूस आज तर सोडाच, जुन्या काळातही झाला नसेल. पंचवटीतला सिग्नल सुरू होऊन जमाना लोटला, तरी मामा पोलिसाने हात केल्याशिवाय रस्ता ओलांडत नाहीत, आणि पोलीस नसला तर तो येईपर्यंत थांबतात. दारावरची बेल त्यांना उद्धट वाटते. माणसाने खालून आपले नाव सांगून हाक मारावी, दार उघडायचे की नाही ते आतला ठरवील. या माणसाने विधानसभेला अपक्ष म्हणून अर्ज भरला, तेव्हा मामींनी एवढेच विचारले, "निवडून आलात तर मुंबईला राहावं लागेल ना?" त्या प्रश्नात भीती नव्हती, आशा होती, असे माझ्या बायकोचे मत आहे.

मामा रामकुंडावरचे तीर्थोपाध्याय. पिढ्यान्‌पिढ्या येणाऱ्या यजमानांच्या नोंदी, ज्याच्या त्याच्या हस्ताक्षरात, त्यांच्या लाल कापडी वह्यांत आहेत. जाहीरनामाही त्यांनी हातानेच लिहिला. छपाईला साफ नकार होता, शेवटी झेरॉक्सवर तडजोड झाली. मुहूर्त टळला तर ते लग्न सरकारदरबारी नोंदवायचे नाही. बुफे बंद आणि पंगत सक्तीची, कारण "उभ्यानं जेवणारा समाज बसून विचार कधी करणार?" मिरवणुकीत डीजे बंद, सनई चालेल, तीही सुरात असेल तर. आणि या सगळ्याच्या वर, लाल शाईने, कलम पहिले: मोबाइलवरून होणाऱ्या श्राद्धांना कायद्याने बंदी. हल्ली काही यजमान घरी सोफ्यावर बसून व्हिडिओ कॉलवर पितरांना पाणी देतात, हे मामांच्या जिवाला फार लागले होते. "बापासाठी गंगेवर यायला सवड नाही म्हणजे काय?" असे ते रस्त्यात कुणालाही थांबवून विचारत. (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो.) खरे तर निवडणूक ते या एकाच कलमासाठी लढवत होते. बाकीची कलमे सोबतीला होती.

चिन्ह नेमके प्रेशर कुकर मिळाले. ज्या घरात आजवर कुकर शिरला नव्हता, त्या घरावर त्याचे चित्र लागले. मामा प्रत्येक सभेत बजावून सांगत, "बटण कुकरचं दाबा, पण भात पातेल्यातच करा."

प्रचारप्रमुख मी होतो. म्हणजे जावई असल्यामुळे मला नाही म्हणता येत नव्हते. मामा प्रचाराला गल्लोगल्ली फिरायला तयार नसत. ते घाटावर बसत, समोर येईल त्याला गाव आणि आडनाव विचारत, वही उघडत आणि त्याच्या पणजोबांची सही काढून दाखवत. माणसाचे डोळे भरून येत. नांदगावकडचा एक शेतकरी तर पाया पडून म्हणाला, "गुरुजी, आमचं समदं गाव तुमच्यामागं हाय. बिनघोर राहा!" मामांनी माझ्याकडे विजयाने पाहिले. मी हळूच सांगितले की नांदगावच्या माणसाला आपल्या मतदारसंघात मत नाही. मामा भडकले. "मत नाही म्हणून त्याला पणजोबा दाखवायचे नाहीत की काय?" आमचा सगळा प्रचार असा परगावच्या लोकांत झाला, आणि तिथे आम्हाला जबरदस्त पाठिंबा होता.

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी सकाळी घोटीहून एका यजमानीणबाईंचा फोन आला. आजी ऐंशीच्या पुढच्या, खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या. मूलबाळ नाही. त्या दिवशी त्यांच्या नवऱ्याचे वर्षश्राद्ध होते. "तुमच्या वतीनं मी करतो, निश्चिंत राहा," मामा म्हणाले. पण आजींचे समाधान होईना. "मला दिसाया पाहिजे, गुरुजी. शेजारची पोरगी म्हनती, फोनमधी दिसतं. येवढं वरीस याच दिसासाठी काढलंय मी." मामांनी नियम सांगितला, पुन्हा नियमच सांगितला, आणि फोन ठेवला. मग त्यांनी वही उघडून आजींच्या नवऱ्याची सही काढली. हे कलम गेले तर लोकांना सांगण्यासारखे त्यांच्याकडे काही उरत नव्हते. तिथी मात्र दुपारपर्यंतच होती.

"जावईबापू," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमच्या फोनमध्ये माणूस नीट दिसतो का हो?"

पुढचा तासभर मी गुडघाभर पाण्यात फोन धरून उभा होतो. मामा एकेक पिंड फोनसमोर नेऊन दाखवत होते. "दिसतंय ना आजी? हे त्यांचं. हे त्यांच्या वडिलांचं." पलीकडे आजी हात जोडून रडत होत्या. पायऱ्यांवर विरोधी उमेदवाराची माणसे आमचे चित्रीकरण करत होती. मी मामांना खुणावले. त्यांनी पाहिले, आणि मंत्र आणखी सावकाश म्हणू लागले.

दुपारी चारच्या सभेपर्यंत ती चित्रफीत सगळ्यांच्या फोनवर पोचली होती. मामा उभे राहिले. "कलम पहिलं मी आज सकाळी मोडलं," ते म्हणाले. "जो आपला शब्द मोडतो त्याला मत देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पण उद्या आजींचा फोन आला, तर मी परत मोडीन." आणि खाली बसले. स्वतःला मत देऊ नका म्हणून सांगणाऱ्या उमेदवाराच्या प्रचारप्रमुखाने यानंतर काय बोलावे ते मला सुचले नाही, म्हणून मी आभार मानले.

मतमोजणीला मामा आलेच नाहीत. गंगेचे पाणी बाटलीत भरून ते पहाटेच एसटीने घोटीला गेले होते. फोनमधून पाणी जात नाही, एवढी एक गोष्ट त्यांना खटकत राहिली होती. निकाल लागताच मी फोन केला. बाहेर जिंकलेल्यांचे ढोल वाजत होते, म्हणून मला ओरडावे लागले, "मामा, आपण पडलो!"

"हळू बोला हो," मामा कुजबुजले. "आजींचा आत्ताच डोळा लागलाय. फार दुखत होतं त्यांना."

हा माणूस निवडून यायला हवा होता, असे मला त्या क्षणी पहिल्यांदाच मनापासून वाटले, आणि फार वाईट वाटले. ढोल तर आता अगदी दाराशी आले होते. मी कोपऱ्यात गेलो, फोनवर हात धरला, आणि शक्य तितक्या हळू म्हणालो, "बरं मामा. बसा तुम्ही."