पहले लेटो, फिर बोलो

"पहले लेटो, फिर बोलो."

गादीवाले चाचा गिऱ्हाइकाला हे सांगायचे तेव्हा एका हातानं खांद्यावरचा कापूस झटकायचे आणि दुसऱ्या हातानं, लग्नात पाहुण्याला पाटाकडं नेतात तसं, समोरच्या गादीकडं दाखवायचे. गादी दुकानात नसायचीच. दुकानात कापूस, खोळी आणि चाचा एवढंच कसंबसं मावायचं. गादी असायची बाहेर बोळात, विटांवर टाकलेल्या दोन रुंद फळ्यांवर. म्हणजे गिऱ्हाइकानं आडवं व्हायचं ते भर बाजारात, दिवसाउजेडी, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या साक्षीनं.

तुम्ही औरंगपुऱ्यातून गुलमंडीकडं बोळाबोळानं गेला असाल तर तुम्हीही हे पाहिलं असणार. चपला नीट जोडीनं काढून ठेवलेला एखादा सभ्य गृहस्थ छातीवर हात ठेवून उताणा पडलाय, डोळे मिटावेत की उघडे ठेवावेत हे त्याला कळत नाहीये, आणि स्कूटरवाले त्याच्या पायांना वळसा घालून चाललेत. तुम्ही हसला असाल. सगळेच हसायचे.

चाचांचा नियमच होता तो. पाठ टेकून बघितल्याशिवाय गादी दुकानातून हलणार नाही. एकदा एका फौजदारसाहेबांना त्यांनी टोपी, पट्टा, बूट सगळं उतरवून आडवं केलं होतं. साहेब अर्ध्या मिनिटात उठून बसले आणि म्हणाले, "बरी आहे."

"बरी क्या होती साब? तुम्ही ड्यूटीवर लेटले. अब घर के जैसा लेटो."

साहेब मुकाट्यानं पुन्हा पडले. चाचा शेजारी उकिडवे बसले, मान तिरकी करून त्यांनी कंबर आणि गादी यांच्यामधली फट बघितली. मग शिवण उसवून मूठभर कापूस आत सरकवला. "मुँह कुछ बी बोलता साब," ते म्हणाले, "पीठ को देखना पडता." साहेबांनी त्या वर्षी ठाण्यातल्या निम्म्या लोकांना तिथं पाठवलं आणि बोळात रोज कुणीतरी खाकीतलं पहुडलेलं असायचं. त्या काळात बोळात एकाचीही चप्पल चोरीला गेली नाही.

बायकांसाठी वेगळी सोय होती. चाचा एक कोरी खोळ दोन्ही हातांनी पडद्यासारखी उंच धरायचे आणि स्वतः तोंड भिंतीकडं करून उभे राहायचे. पाठ दिसायची नाही, म्हणून मग डॉक्टरसारखे प्रश्न विचारायचे. "ताई, डावीकडं खड्डा लागतोय का? खांद्याखाली गोटा आहे का? बिनधास्त बोला, मी भिंतीला बघतोय." माझ्या संसाराची पहिली गादी मी अशीच पडद्याआड पडून घेतली. लाजेनं मला धड खड्डा कळेना की गोटा. नुसती वर बघत राहिले. वर वायरींचं जाळं होतं आणि दोन इमारतींच्या मधून पट्टीभर आभाळ. भिंतीकडं बघत चाचा म्हणाले, "ताई, श्वास घ्या. फुकट आहे." ती गादी पंचवीस वर्षं टिकली, दोनदा पिंजून घेतली तेवढीच.

चाचांचं नाव मी इथं लिहीत नाही. त्याचं कारण आता सांगते.

गेल्याच्या गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज आला. लग्नसराईची, सणाची खरेदी करताना दुकानदाराचं नाव विचारा, आपल्या माणसाकडूनच घ्या. पाठवणारे होते आमचे सेक्रेटरी, ज्यांची वाकलेली कंबर चाचांच्याच गादीनं सरळ केली होती. खाली पाच-पंचवीस जणांनी हात जोडले. असाच मेसेज शहरभर फिरला असणार, कारण पंधरा दिवसांत चाचांच्या फळ्या ओस पडल्या. येणारेही आधी पाटी बघायचे, पाटीवर नुसतंच 'गादी भांडार'. मग घसा खाकरून विचारायचे, "चाचा, आपलं शुभ नाव?"

चाचा नाव सांगायचे. मग वडिलांचं सांगायचे, आजोबांचं, पणजोबांचं, त्यांच्या थोरल्या भावाचं, जो पैठणला पिंजण घेऊन गेला तो तिकडचाच झाला. "अब सबका हो गया. लेटो!" तोवर गिऱ्हाईक कोपऱ्यावर पोहोचलेलं असायचं. चाचा त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडं बघून म्हणायचे, "चाल बघा. कंबर गई इसकी." ते सांगताना ते स्वतःच इतके हसायचे की मीही हसायचे, पण तेव्हापासून कुणी कुणाचं नाव विचारलं की मला कंटाळा येतो. म्हणून नाव लिहीत नाही.

हसण्यावारी न्यावी अशी गोष्ट मात्र नव्हती. दुकान भाड्याचं. मालक वरच्याच मजल्यावर राहायचे, स्वभावानं भित्रे पण वाईट नाहीत. अकरा महिन्यांचा करार दिवाळीनंतर संपणार होता. ते गॅलरीतून वाकून चाचांना म्हणाले, "लोक मला बोलायलेत हो. गिऱ्हाईक दिसलं तर मी म्हणू शकतो, बघा, चालतंय दुकान, कशाला काढू? रिकाम्या फळ्या दाखवून मी काय सांगू?" म्हणजे दिवाळीपर्यंत त्या फळ्यांवर माणसं आडवी झाली नाहीत, तर चाचांच्या वडिलांपासूनचं दुकान जाणार.

आणि नेमक्या त्याच दिवसांत माझ्या लेकीच्या लग्नाच्या दोन गाद्या त्यांच्याकडं तयार होऊन पडल्या होत्या. मेसेजच्या आधी सांगितलेल्या. आता खरं सांगते, मी घाबरले. मला तो मेसेज पटला होता असं नाही, तो वाचून मी ग्रुपवर हातही जोडले नव्हते. पण तिथं मला झोपलेलं कुणी बघितलं तर? सेक्रेटरींच्या साडूच्या घरातच लेक द्यायची होती. मी बँकेत अधिकारी आहे, चार लोकांना समज देते, आणि चाचांना मात्र दुपारच्या सुट्टीत फोनवर कुजबुजत म्हणाले, "चाचा, टेम्पो पाठवते. त्याच्याजवळ गाद्या देऊन टाका."

"टेम्पोवाला सोएगा क्या उसपे?"

"नाही हो, लेक झोपणार. ती पुण्यात आहे, तिला सुट्टी नाही."

"मग तुम्ही या. माँ की पीठ चलती."

"ह्या वेळी राहू द्या ना चाचा. बँकेत फार गर्दी आहे."

मी का येत नाही हे त्यांना पुरतं कळलं होतं आणि ते त्यांनी तोंडातून काढलं नाही. "ताई, गाद्या तयार आहेत," ते म्हणाले. "लेटे बिगर नै जाते."

मला असा राग आला! दुकान बुडायला आलंय आणि ह्या माणसाचा ताठा बघा. संध्याकाळभर मी भांडी आपटत होते. राग चुकीच्या माणसावर निघतोय हे कळत होतं, म्हणून आणखी आपटत होते.

शेवटी सासूबाईंनी विचारलं, "कुणाचा फोन व्हता?" सासूबाई पैठणकडच्या, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, नऊवारीतल्या. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "उद्या चल. मी झोपते."

"आई, लोक बघतील."

"बघू दे की. झोपायला चालले, पळून नाय."

दुसऱ्या दिवशी अकराला आम्ही दोघी रिक्षानं तिथं. फळ्यांवर दोन्ही गाद्या शेजारी शेजारी मांडलेल्या. चाचा खोळ घेऊन धावतच आले. "पडदा कशाला रं?" सासूबाई म्हणाल्या. "म्हातारीला कोण बघतंय?" स्टुलावर पाय ठेवून त्या फळ्यांवर चढल्या, पदर नीट केला आणि आडव्या झाल्या.

"बोलो अम्मा."

अम्मा बोलेनात. चाचा वाकले. त्यांचा चेहरा उतरला. मग बोळात एक बारीक आवाज घुमायला लागला आणि आमच्या लक्षात आलं की सासूबाई घोरतायत.

चांगल्या अर्धा तास घोरल्या. स्टेशनरीवाला बाहेर आला, समोरच्या बांगड्यांच्या दुकानातल्या बायका बाहेर आल्या. कुणीतरी मोटारसायकल थांबवून घाबरून विचारलं, "काय झालं आजीला?" चाचांनी तोंडावर बोट ठेवलं, "शूऽऽ, टेस्टिंग चालू आहे." मग ते स्वतः बोळाच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले आणि हॉर्न वाजवणाऱ्यांना हात जोडून मागच्या मागं वळवायला लागले. सगळा औरंगपुरा त्या दिवशी दुसऱ्या बोळानं गेला असेल. मालक गॅलरीत येऊन दोन्ही कोपर टेकवून बघत होते.

सासूबाई उठल्या, तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "मधी खड्डा हाय."

चाचांचं तोंड असं फुललं! "खड्डा!" ते वर गॅलरीकडं बघून ओरडले. "मालक, अम्माने खड्डा निकाला!" पंधरा दिवसांत कुणी त्यांच्या गादीला नाव ठेवलं नव्हतं. त्यांनी शिवण उसवून मूठभर कापूस घातला, सासूबाई पुन्हा पडल्या, पुन्हा उठल्या, आता कडेला कमी म्हणाल्या, पुन्हा मूठभर. दोघंही इतकी खुशीत होती की मला शरम वाटली.

"आता तू," सासूबाई मला म्हणाल्या.

मी पडले. पडदा न घेता, इस्त्रीच्या साडीत, बँकेचं कार्ड गळ्यात. तेच वायरींचं जाळं, तेच पट्टीभर आभाळ. आणि त्या आभाळात उलटा दिसणारा एक ओळखीचा चेहरा. आमचे सेक्रेटरी, स्कूटरवर. "वहिनी, तुम्ही? इथं?"

आडव्या माणसाला अदब सांभाळता येत नाही, तुम्ही करून बघा. मी म्हणाले, "या ना भाऊजी, शेजारची रिकामीच आहे." बांगड्यांच्या दुकानातल्या बायका फिस्सकन हसल्या. सेक्रेटरींचा हात आपोआप कमरेकडं गेला आणि ते स्कूटरला किक मारायला लागले. ती बरीच मारावी लागली.

एवढ्यावर भागलं नाही. गुरुवारी सासूबाईंनी सगळं भजनी मंडळ नेलं. सात बायका. दोघींना उशा हव्या होत्या, एकीला लोड, एकीला काहीच नको होतं, तिला फक्त झोपायचं होतं. एकीनं पडल्या पडल्या टाळ वाजवून बघितला, कारण घरी ती पलंगावर पडूनच वाजवते. चाचा एकीकडून दुसरीकडं कापसाच्या मुठी घेऊन पळत होते, डोक्यावर, दाढीत, भुवयांत कापूस. शेवटी सासूबाईंनी वर बघून हाक मारली, "ओ मालक! या खाली, तुमीबी पडा!" मालक खाली आले आणि खरंच पडले, आपल्याच भाडेकरूच्या फळ्यांवर, सात बायका भोवती उभ्या.

"बोलो मालक," चाचा म्हणाले.

"मऊ आहे," मालक म्हणाले. आणि दोन दिवसांनी त्यांनी करारावर सही केली.

लेकीच्या लग्नात सेक्रेटरींच्या साडूंनी गाद्यांकडं बघून विचारलं, कुठून घेतल्या? मी नाव आणि पत्ता दोन्ही सांगितलं. त्यांनी एक गादी हातानं दाबून बघितली आणि पंगतीकडं वळले.

इथंच थांबता आलं असतं तर मला किती आवडलं असतं. पण करार अकराच महिन्यांचा असतो. सगळं गिऱ्हाईक काही परत आलं नाही, थोडं आलं. आणि मग एके दिवशी चार जण मालकांच्या घरी चहा पिऊन गेले. आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. "काका, आमचं लक्ष आहे तुमच्याकडं," एवढं म्हणाले. मालक जिना उतरून दुकानात आले तेव्हा त्यांचे हात जोडलेले होते. करार आता पुढं होणार नव्हता. चाचांनीच त्यांना धरलं. "लेटो मालक," ते म्हणाले, "थोडा लेटो."

शेवटच्या दिवशी मी सुट्टी घेतली. सासूबाई काठी टेकत आल्या. कापसाची गाठोडी टेम्पोत चढली होती, चाचा दूर छावणीच्या भागात भाच्याच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत जाणार होते. तिथं बोळ नाही, बाजार नाही. फळ्यांवर एकच गादी उरली होती.

"ही कुणाची?" सासूबाईंनी विचारलं.

"मेरी है अम्मा. घर की."

"झोपून बघितली का?"

चाचा हसले. "बनानेवाला कायकू लेटेगा?"

सासूबाईंनी काठी फळीवर आपटली आणि त्यांच्या पैठणच्या हिंदीत दरडावलं, "पैले लेटो, फिर बोलो!"

अख्ख्या बोळानं ते उचललं. स्टेशनरीवाला, बांगड्यांच्या दुकानातल्या बायका, टेम्पोवालासुद्धा. "लेटो चाचा! लेटो!" आम्ही सगळे खिदळत होतो. चाचांनी खांद्यावरचा कापूस झटकला, चपला जोडीनं काढून ठेवल्या आणि पडले, छातीवर हात ठेवून, त्या सभ्य गृहस्थासारखे. मला काय सुचलं कोण जाणे, मी एक कोरी खोळ उचलली, दोन्ही हातांनी उंच धरली आणि तोंड भिंतीकडं केलं.

"बोला चाचा," मी म्हणाले. "खड्डा लागतोय का? खांद्याखाली गोटा आहे का? बिनधास्त बोला, मी भिंतीला बघतेय."

मागचं हसू हळूहळू थांबलं. एक स्कूटर आली आणि हॉर्न न वाजवता मागं वळली.

चाचा काही बोलले नाहीत. माझे हात भरून आले तरी मी खोळ धरून उभी होते.