साडेअकरा कोयते

साखर कारखान्याच्या शेतकी विभागात मी कॉम्प्युटरवर बसतो. कुठल्या टोळीनं कोणत्या दिवशी कोणाचा ऊस तोडायचा, हा प्रोग्राम पूर्वी वहीवर लागायचा. चार दिवस जायचे, वर भांडणं. मी तेच काम सोळा प्रोसेसरना वाटून दिलं. सोळाही एकाच वेळी वेगवेगळ्या जुळण्या तपासतात आणि सात मिनिटांत यादी बाहेर येते. साहेबांनी पाठ थोपटली, मीही फुगलो.

पण सांगायचंय ते सुलामावशीबद्दल. येलदरीकडची, आमच्याच गावची. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधायची. नवरा गेला की बाई अर्धा कोयता. मावशी अठरा वर्षं अर्धा कोयता आहे. तोंडानं फटकळ, हातानं अशी चलाख की मुकादम तिला कधी सोडत नसे. माझी आईही अर्धाच कोयता होती. दोघी जोडीनं तोडायच्या. आई गेल्यावर मावशीनंच मला भाकरी घातली.

यंदा तिच्या टोळीपुढं ‘साडेअकरा कोयते’ लिहून आलं. माझ्या प्रोग्रामला पूर्ण आकडाच चालायचा. साहेबांनी विचारलं, "हे अर्धं काय प्रकरण आहे?" एका वाक्यात सांगता आलं असतं. पण मग तुला कसं माहीत, हेही सांगावं लागलं असतं, आणि कचेरीत मी वडील मास्तर होते असं सांगून ठेवलेलं. जनाची नाही तर मनाची तरी, म्हणतात. मी फक्त जनाची पाहिली. "लिहिण्यात चूक असेल, सर," म्हणालो आणि अकरा केले.

तिसऱ्या दिवशी मावशी कचेरीत आली. यादीत अकराच कोयते आले, अर्ध्या कोयत्याचं नाव गळालं, म्हणून मुकादमानं तिला वालूरच्या फडातून परत धाडलं होतं.

"साहेब, म्या काय गुन्हा केला?" ती म्हणाली. "बाकीच्या टोळ्या भरल्यात. आता हंगामभर कुठं जाऊ?"

साहेबांनी तिचं गाव विचारलं आणि माझ्याकडं वळले. "तुझ्याच गावची की. ओळखतोस का हिला?"

मी मान खाली घातली. लाजेनं कान तापले. मावशीनं माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडं पाहिलं, मग खाली घातलेल्या मानेकडं.

"न्हाई साहेब," तीच म्हणाली. "हे मोठ्या घरचे दिसायलेत. आमी कुठं यांना ओळखायचं."

साहेबांनी तिला पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं. ती जिना उतरून गेली. मी खुर्चीवरून उठलो नाही.