लव्हाळ्याचा वास

परसात खुरपताना लव्हाळ्याची गाठ फुटली आणि तो उदासारखा वास आला. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी बोरीच्या मळ्यात, कांद्याच्या खुरपणीला, सासूबाईंच्या हातांना हाच वास होता. माझ्या वाट्याची ओळ, माझी पात, लवकर उरकावी म्हणून मी गवताचे नुसते शेंडे कापले होते, गाठी मातीतच. आठवड्यात सगळं पुन्हा हिरवंगार. सासूबाई रागावल्या नाहीत. माझ्या पातीत बसून एकेक गाठ उकरत म्हणाल्या, "तू जा, च्या टाक. हे मी बघती." तो टोमणा मला वर्षानुवर्षं सलत राहिला.

आज सुनेनं नुसते शेंडे कापलेलं गवत असंच पुन्हा वर आलंय. समजावून सांगायचंही त्राण नाही, गुडघे भरून आलेत. म्हटलं, "तू जा, चहा टाक. हे मी बघते."

ती तोंड पाडून आत गेली.