देवी आल्या

हसायचं तर खुशाल हसा, पण आधी चहाचा पेला खाली ठेवा. फजिती माझीच आहे. इतकी वर्षं झाली तरी आठवली की अजून कान तापतात.

तेव्हा मी आंदर मावळातल्या एका गावात मास्तर होतो. चार बुकं शिकलेला गावात मी एकटाच, त्यामुळे सगळ्यांना शहाणपण शिकवायचा मक्ता माझ्याकडे! आमची कुसुम पाच वर्षांची. तिला देवाधर्माची गोडी लागावी म्हणून मी तळेगावच्या बाजारातून चित्रांचं एक पुस्तक आणलं. रोज रात्री ती अंथरुणावर पडली की मी ते उघडून दाखवायचो. तिचं आवडतं पान एकच, लाल लुगड्यातली, सिंहावर बसलेली देवी.

"बाबा, देवी आपल्या घरी येते?"

"येते नाही, येतात म्हणावं. मोठ्यांना मान द्यावा. मनापासून बोलावलं की देवी घरी येतात. आणि आल्या की भ्यायचं नाही. दार उघडायचं, जवळ जायचं."

वा रे मास्तर! व्याकरण सुधारलं आणि अब्रू घालवली.

एका शनिवारी मी शाळेच्या कामाला तळेगावला गेलो. इकडे दुपारी कुसुमने पुस्तक उघडून कोनाड्यात उभं केलं, फूल वाहिलं, मनापासून बोलावलं आणि शेजारच्या ठकूमावशीला सांगून आली, "आमच्या घरी देवी आल्यात!"

मावशी दचकली. "अगं बया! आई कुटं हाय तुजी?"

"आई निजलीय."

"लाल दिसत्यात का गं?"

"लालच लाल!"

झालं! आता तुम्हीच सांगा, नुसतं देवी 'आली' म्हणाली असती, तर कुणाच्या तरी अंगात आली म्हणून लोक नारळ घेऊन धावले असते. पण देवी 'आल्या' म्हणजे देवीचा रोग, ताप, अंगभर फोड, आणि माणूस वाचलाच तर तोंडावर वण! तासाभरात गावभर झालं.

संध्याकाळी मी गावाबाहेरच्या ओढ्यापाशी पोचलो, तर म्हातारे धोंडूआबा लांबूनच ओरडले, "मास्तर, जपून! तुमच्या घरी देवी आल्यात. बाईंनी हातरुण धरलंय!"

मी पळत सुटलो. पाहतो तर घरासमोर लांब लांब उभी माणसं, आणि दाराला कडुलिंबाचा डहाळा, देवी आलेल्या घराची खूण. तिथंच कुंपणाशी माझे पाय थांबले. हो, थांबले! गावाला 'देवी टोचून घ्या' म्हणून उठताबसता सांगणारा मी, लहानपणी टोचणाऱ्याला बघून पेंढ्यात लपलो होतो. माझ्या दंडावर टोचल्याचा एकही वण नव्हता.

तेवढ्यात कुसुम दोन्ही हात पसरून धावत आली. "बाबा, देवी आल्यात! चला ना आत!"

"लांब हो! शिवू नकोस मला!" मी किंचाळलो.

पोर जागीच थिजली. मागून तिची आई बाहेर आली, ठणठणीत, भाकरीच्या पिठाचे हात तसेच. "अगंबाई, हा पाला कुणी बांधला? आणि तुम्ही असे बाहेर का उभे?"

मग कुसुमने आतून पुस्तक आणून दाखवलं. ठकूमावशी तर हसून हसून खालीच बसली. सगळे हसले. मला मात्र हसू येईना. पोरीचे ते पसरलेले हात डोळ्यांपुढून हलेनात. लाज वाटली, फार लाज वाटली.

जेवणं झाल्यावर पुस्तक घेऊन तिच्या अंथरुणाशी बसलो. तिने ते माझ्या हातातून हळूच काढून घेतलं.

"आई, आजपासून तू दाखव," ती म्हणाली. "बाबा देवींना भितात."