कंद धरलेला हात

नोकरीतले दरोडे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेलेत. एक चोरी मात्र वेगळी राहिली आहे, आणि ती चोरी म्हणून नोंदवायची की नाही, हेच मला आधी कळलं नव्हतं.

नव्वदच्या दशकात मी संगमनेरला फौजदार होतो. एका सकाळी एक प्राध्यापक ठाण्यात आले. बिनइस्त्रीचा सदरा, हातात इंग्रजी संशोधन-पत्रिका.

हवालदारांनी विचारलं, "काय गेलं चोरीला?"

"लेख. संशोधनाचा."

"मंग दुसरा लिवा की, सर. तुमाला काय अवघड हाय?"

"दुसरा होणार नाही. बरोबर काम करणारी बायको मागच्या वर्षी गेली."

हवालदारांनी खुर्ची पुढे केली.

राजूरच्या डोंगरातल्या एका रानकंदावर दोघांनी कित्येक पावसाळे काम केलं होतं. लेख टाइप करून, फोटोंसकट, सरांनी आपल्या विभागप्रमुखांना तपासायला दिला. त्यांच्याकडे नावांचा क्रम प्रमुख ठरवतात म्हणे, म्हणून लेखकांच्या नावाची जागा कोरीच सोडली. प्रमुखांनी तिथे एकच नाव घातलं, स्वतःचं. ग्रंथालयात पत्रिका आली तेव्हा सरांना कळलं.

"कार्बन कॉपी ठेवली नाहीत?"

"अविश्वास दाखवल्यासारखं झालं असतं."

हातभट्ट्यांचे खबरी माझ्याकडे भरपूर होते, या धंद्यातला एकही नव्हता. अर्ज चौकशीवर ठेवला आणि प्रमुखांना बोलावलं. त्यांनी येतानाच फोटोंच्या मूळ प्रती आणल्या आणि टेबलावर मांडल्या.

"फोटो मी काढलेत. आणखी काय पुरावा हवा?"

कंद मला रताळ्यासारखा दिसत होता. मग जे कळत होतं तेच विचारलं. "कंद धरलाय तो हात कुणाचा?"

"असेल मजुरीवरची बाई."

सरांनाही मी बोलावलं होतं, ते बाकावर मान खाली घालून बसले होते. तशीच मान ठेवून म्हणाले, "ती मजुरीवर नव्हती."

मी अंगठ्याचे ठसे बघायचं भिंग काढलं. बांगड्यांच्या वर गोंदलेलं होतं, आपल्याकडे लग्नात नवऱ्याचं नाव गोंदतात तसं. अर्जाखालच्या सहीतलंच नाव. मी भिंग प्रमुखांपुढे सरकवलं. त्यांनी पाहिलं, चष्मा पुसला आणि लेख सरांचाच असल्याचा जबाब दिला. संपादकांना पत्र लिहायलाही तयार झाले.

"नुसतं माझं नको," सर म्हणाले, "तिचंही नाव घाला म्हणावं."

काही महिन्यांनी ते पुन्हा आले. पत्रिकेत शेवटच्या पानावर चार ओळींची दुरुस्ती छापली होती, दोन नावांची.

"घरी दाखवायला कुणी नाही," ते म्हणाले. "म्हटलं, तुम्हाला दाखवावं."

"वाचा की मोठ्यानं," हवालदार म्हणाले. सरांनी वाचलं. इंग्रजी आमच्यापैकी फारसं कुणाला कळलं नाही, तरी लॉकअपवरचा शिपाईसुद्धा दारात येऊन उभा राहिला.

फिर्यादीला आम्ही कधी गेलं, कुठून गेलं, एवढंच विचारायचो. त्यानंतर मी तक्रार लिहून झाली की पेन खाली ठेवून विचारू लागलो, घरी कोण असतं?

निवृत्तीनंतर मी काही लिहिलं की स्वयंपाकघरात नेऊन वाचून दाखवायचो. "पंचनामाच वाटतोय," आमची मंडळी भाकरी थापता थापता म्हणायची. हेही दुपारी तिथेच उभं राहून मोठ्यानं वाचलं. ओटा कोरडाच होता. ती असती तर म्हणाली असती तेच खरं, पंचनामाच वाटतोय.