मनीषाच्या लॉगिनमधला आवाज

रेकॉर्डिंग सुरू होऊन चार-पाच सेकंद झाले असतील, आणि मला कळलं की हा आवाज मनीषाचा नाही.

व्हिडिओ मीटिंग चालू होती. स्क्रीनवर माझ्या टीमच्या नऊ जणी, पुण्याहून आमचे मॅनेजर साठे, आणि ज्या लॅबचं काम आम्ही करतो तिथल्या एक मॅडम. मनीषाने केलेल्या एका कॉलचं कौतुक करायला त्या खास आल्या होत्या. मी शहापूरच्या माझ्या घरातून मोठ्या तोऱ्यात प्लेचं बटण दाबलं होतं. आधी एकदा स्वतः ऐकून घ्यावं एवढी अक्कल सुचली नाही. हौस दांडगी ना!

काम काय ते आधी सांगते. लॅबमध्ये रक्त तपासतात. एखाद्या वेळी रिपोर्ट इतका वाईट येतो, की पेशंटने तासाभरात हॉस्पिटल गाठलं नाही तर जिवावर बेतेल. असा रिपोर्ट आमच्या स्क्रीनवर येतो आणि आमच्यापैकी कोणीतरी त्या पेशंटला ताबडतोब फोन करायचा. याला क्रिटिकल कॉल म्हणतात. तो वेळेत झाला नाही, तर कॉल पडला म्हणतात. प्रत्येकीचा लॉगिन वेगळा. पेशंटची माहिती कोणी उघडली, फोन कोणी केला, ते लॉगिनवरून कळतं. त्यामुळे पासवर्ड नवऱ्यालासुद्धा द्यायचा नाही, हे पहिल्या दिवशी सही घेऊन सांगितलेलं असतं.

टीम रिमोट, म्हणजे ऑफिसच नाही. जी ती आपापल्या घरून काम करते. मी ठाण्याच्या कॉल सेंटरमध्ये सोळा वर्षं घासली. मुरबाड-शहापूरकडच्या शिकलेल्या मुलींना कल्याणच्या जीपमध्ये कोंबून न घेता घरबसल्या काम मिळावं, ही कल्पना माझी. रोज सकाळी व्हिडिओवर दहा मिनिटं गप्पा, शुक्रवारी अंताक्षरी, वाढदिवसाला सगळ्यांनी मिळून गाणं. साठे इतर टीम लीडना सांगायचे, कल्चर कसं असतं ते वैशालीकडे बघा. मी फुगायचे.

तर तो कॉल. एका म्हाताऱ्या गृहस्थांचं पोटॅशियम इतकं वाढलं होतं की हृदय केव्हाही थांबलं असतं. त्यांनी फोन उचलला, पण काही मनावर घेईनात. रेकॉर्डिंगमधली बाई त्यांना दटावत होती. "आजोबा, घरात दुसरं कोन हाय? कोनी नाय? मग शेजाऱ्याला हाक मारा. फोन ठेवू नका. घाबरू नका, पन बसून पन राहू नका." शेजारी येईपर्यंत तिने फोन सोडला नाही. रिक्षात बसवल्यावरच ठेवला. आजोबा वाचले. सिस्टिममध्ये त्या कॉलवर नाव होतं मनीषाचं. मनीषा सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका गावातली, हळू बोलणारी. आणि हा दटावणारा आवाज होता मुरबाडच्या कविताचा. ती चहा विचारते तोसुद्धा दम दिल्यासारखा.

स्क्रीनवरच्या नऊ चेहऱ्यांना ते माझ्याआधी कळलं होतं. कोणीतरी कॅमेरा बंद केला. लॅबच्या मॅडम हसून म्हणाल्या, "मनीषा, फार छान!" मनीषा "थँक यू मॅडम" म्हणाली, आणि मॅडमचं हसू तिथेच विरलं. दोन आवाज ओळखायला काय लागतं?

दुपारी साठेंचा फोन.

"एका लॉगिनवर दुसरीच बाई? वैशाली, करारात लिहिलंय. पासवर्ड देणारीला काढावं लागेल."

"सर, माणूस वाचलाय त्यात."

"माणूस कविताने वाचवला, आवाज जुळवून पाहिला मी. तिला ताकीद देऊन भागेल. नियम मनीषाने मोडलाय. परवा चौकशी आहे, एचआर असतील. तुम्हीही हजर राहा."

दुसऱ्या दिवशी मी एसटीने मुरबाडला गेले, तिथून दुसऱ्या एसटीने धसईला. मनीषाला ते जवळ. दोन वर्षांत मी माझ्या टीममधल्या एकीलाही प्रत्यक्ष भेटले नव्हते. तालुक्याला तालुका लागून! सांगायलाही लाज वाटते.

बाजारातल्या हॉटेलात मनीषा आणि कविता दोघी आल्या होत्या. मनीषाच्या घरात तिच्या पगाराशिवाय दर महिन्याला येणारं दुसरं काही नव्हतं. नवरा वीटभट्टीच्या हंगामापुरता कामाला. ती एवढंच म्हणाली, "मॅडम, कामावरून काढू नका म्हनावं. बाकी काय पन शिक्षा द्या."

"अगं, पण पासवर्ड दिलासच का?"

"लाइट गेलती. आमच्याकडं लाइट गेली का टॉवर पन जातो. आजोबांचा रिपोर्ट आला नि स्क्रीन बंद. पळत टेकाडावर गेली, रेंज धरली नि कविताला फोन लावला."

"मग सिस्टिमला डाउन टाकायचं, लाइट नाही म्हणून काम बंद अशी नोंद करायची. त्यासाठीच सोय आहे ना ती."

कविता मध्येच म्हणाली, "महिन्यात तीन डाउन झाले का टीममधून नाव काढता तुमी. हिचे दोन झालते."

नियम माझाच होता.

"हे पहिल्यांदाच केलंत?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग मनीषा म्हणाली, "भाताच्या आवणीला आमी सावड करतो. आज सगळ्या मिळून माझ्या शेतात, उद्या तिच्या. तसंच हाय हे. जिची लाइट जाईल तिचं काम दुसरी धरते. मग ती फेडते."

"सगळ्याच?"

"सगळ्याच."

"आणि मला कोणी काही बोललं नाही?"

"तुमी ऑफिसच्या ना," कविता म्हणाली. तिने टोचायला म्हटलं नव्हतं. जसं होतं तसं सांगितलं. मग तिने मोबाईल काढून माझ्यापुढे धरला. ग्रुपवर मीच टाकलेला जुना मेसेज: 'लाइट नाही, रेंज नाही, ही कारणं मला सांगू नका. आपसात बघा. पण क्रिटिकल कॉल पडता कामा नये.'

"आमी आपसात बगितलं, मॅडम."

कुठल्याशा वैतागलेल्या सकाळी मी तो टाकला असणार. मला आठवतसुद्धा नव्हता. त्यांनी मात्र तो आदेश म्हणून पाळला होता. चहा पुढ्यात निवला. परत येताना एसटीत मी मनाशी ठरवलं, चौकशीत हे सांगायचं.

चौकशी सुरू झाली. एचआरच्या बाईंनी मनीषाला विचारलं, "असं करायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं का? आपल्या लीडनी वगैरे?"

मेसेज तिच्या मोबाईलमध्ये होता. आता दाखवेल.

"नाय मॅडम. कोनी नाय सांगतलं. माझंच चुकलं."

माझा माइक म्यूटवर होता. बोट बटणावर होतं. सोळा वर्षं घासून मिळालेली खुर्ची, या वयात दुसरी कोण देणार? साठेंनी विचारलं, "वैशाली, तुम्हाला काही ॲड करायचंय?" मी मान हलवली. नाही. अकरा मिनिटांत मीटिंग संपली. संध्याकाळच्या आत मनीषाचा लॉगिन बंद झाला.

मला वाटलं, माझ्यावरच्या मायेने गप्प राहिली बिचारी. त्या विचाराने बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू? तेवढ्यात कविताचा फोन आला.

"मॅडम, तिनं तुमचं नाव का नाय घेतलं, ठावं हाय? ती बोलली, मॅडम गेल्या तर हे काम पुन्याला नेतील. मग नऊच्या नऊ जनी घरी बसतील. त्यापरीस एक बसलेली बरी." आणि फोन ठेवला. माझ्याशी असं आजवर कोणी बोललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मेसेजचा फोटो जोडून साठेंना आणि एचआरला मेल केली. लिहिलं, टीमला आपसात बघायला मी सांगितलं होतं, आणि तीन डाउनचा नियमही माझाच.

साठेंचा लगेच फोन. "काल का नाही बोललात?"

"घाबरले, सर."

त्यांनी ती मेल लॅबच्या मॅडमना पाठवली. लॅबला समजावण्यात दोन महिने गेले. लॅबच्या मॅडमनी एक प्रश्न विचारला, आणि तोच कामी आला: लाइट गेल्यावर कॉल दुसरीकडे द्यायची अधिकृत सोय तुमच्याकडे का नाही? नव्हती, कारण कोणी मागितली नव्हती. मागायची कोणाकडे? आता आहे. मोबाईलवर एक बटण दाबलं की कॉल दुसरीच्या स्क्रीनवर जातो, तिच्याच लॉगिनवर, आणि डाउन मोजत नाहीत. बनवायला एक दुपार लागली. कसं असावं ते कविताने फोनवर सांगितलं.

माझं लीडपद गेलं. मी आता त्याच टीममध्ये कॉल घेते. मनीषाला परत घेतलं, पण तिचे दोन महिने बिनपगारी गेले. त्या दोन महिन्यांत ती नवऱ्यामागून भट्टीवर विटा वाहायला गेली होती. बी.ए. झालेली मुलगी!

ती परत आली त्या दिवशी मी फोन करून माफी मागितली. ती नेहमीसारखं हळू म्हणाली, "मॅडम, तुमी बोललात ते बरं झालं. पन दुसऱ्या दिवशी बोललात."

लांबून टीम कशी चालवावी, असं हल्ली मला कोणी विचारलं, तर मी एवढंच सांगते: जे बोलायचं ते त्याच मीटिंगमध्ये बोला. दुसऱ्या दिवशीच्या मेलमध्ये तुमचं मन हलकं होतं, विटा दुसरंच कोणीतरी वाहत असतं.