मावशींचा पाला

लातूरच्या मातीत उगवलेली अशी एकही वनस्पती नसेल, जी आमच्या घरमालकीण मावशींनी कुणाच्या ना कुणाच्या पोटात घातली नाही. मी क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवायला लातुरात आलो आणि त्यांच्या पत्र्याच्या खोल्यांपैकी एक भाड्याने घेतली. रसायनं मी फळ्यावर शिकवायचो. मावशी ती थेट पाजायच्या. बाकीच्या खोल्यांत डॉक्टर व्हायला आलेली पोरं राहत. परीक्षा जवळ आली की त्यांना ब्राह्मी, घरची आठवण येऊन रडू आलं की तुळस, आणि कुणी प्रेमात पडल्याचा नुसता संशय आला तरी कडुनिंब. "लई उष्णता हाय ही," एवढंच निदान. एकाने काढा गुपचूप मोरीत ओतला, तर दुसऱ्या दिवशी त्याला दुप्पट मिळाला. पुढे त्याला मेडिकलला प्रवेश मिळाला आणि मावशींनी सगळं श्रेय ब्राह्मीला दिलं. त्यात माझ्या शिकवण्याचाही थोडा हात असेल, असं त्यांना कधीच वाटलं नाही.

पण खरे हाल मालकांचे. मालक म्हणजे मावशींचे यजमान. अबोल, गरीब माणूस. पेला पुढे आला की डोळे मिटून रिकामा करायचा, एवढंच त्यांना ठाऊक. किल्लारीकडचं त्यांचं घर भूकंपात पडलं, तेव्हा मावशींनी दगडमाती हातांनी उकरून त्यांना बाहेर काढलं होतं. नंतर लातुरात घर बांधलं, पण डोक्यावर स्लॅब काही टाकू दिला नाही. अशा मालकांना साखरेचा आजार निघाला. मावशींनी घरातून साखर हद्दपार केली. डॉक्टरांची गोळी त्या न चुकता देत. पण जोडीला सकाळी कारल्याचा रस, दुपारी जांभळाच्या बियांची पूड, संध्याकाळी भिजवलेली मेथी आणि वर शेजारणीने सांगितलेला कसला तरी पाला. मी एकदा म्हणालो, "मावशी, एवढं सगळं एकदम?" तर त्या उखडल्याच. "सर, मातीतनं काढलेला मानूस हाय माझा. साखरंला देऊ व्हय? आन् पाल्यानं कुनाचं वाईट झालंय आजवर?"

एका सकाळी मालक ओट्यावर बसल्या बसल्या घामाने भिजले. हात थरथरू लागले, बोलणं बरळल्यासारखं झालं. "साखर चढली गं बाई!" म्हणत मावशींनी कारल्याचा आणखी एक पेला त्यांच्या ओठांना लावला, आणि मालकांनी मान टाकली. पोरांनी आणि मी त्यांना उचलून रिक्षात घातलं. दवाखान्यात बोट टोचून पाहिलं तर साखर चढली नव्हती, पार तळाला गेली होती. शिरेतून साखर दिली, तेव्हा कुठे मालकांनी डोळे उघडले.

"गोळीशिवाय दुसरं काही औषध देता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाई बा," मावशी म्हणाल्या. "दुसरं औषध कशाला देऊ?"

त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या लेखी औषध म्हणजे एक तर मेडिकलमधली गोळी, नाहीतर तुरीवर फवारायचं ते. डॉक्टर गोंधळून पुन्हा तेच विचारू लागले, तेवढ्यात खाटेवरून क्षीण आवाज आला.

"साहेब, औषध नका इचारू. पाला इचारा."

डॉक्टरांनी पाला विचारला. मावशींनी मोठ्या अभिमानाने कारल्यापासून सुरुवात केली. त्या मेथीवर येईपर्यंत डॉक्टरांनी कपाळाला हात लावला होता. "मावशी, गोळी साखर उतरवते, तुमचा पालाही उतरवतो. दोघांनी मिळून माणूसच उतरवला असता की! आता मला विचारल्याशिवाय काही द्यायचं नाही. आणि असा घाम फुटला, हात कापले, की लगेच साखर द्यायची."

मावशी बाकावर बसल्या आणि आपल्या हातांकडे बघत राहिल्या. "ह्याच हातांनी काढलं," त्या हळूच म्हणाल्या, "आन् ह्याच हातांनी..."

त्या दिवसापासून साखरेच्या या वैरिणीच्या पदराला खडीसाखरेची गाठ आली. बाजारात, लग्नात, देवळात, कुठेही असोत, मावशींचा एक डोळा मालकांच्या कपाळावर. मालक मोठे वस्ताद निघाले. अधूनमधून उगीचच हात थरथरवून दाखवायचे. मावशींना ते कळायचं, "ढोंगी हाय निस्ता" म्हणायच्या, आणि गाठ सोडून एक बारीकसा खडा द्यायच्याच. पोरांनाही ब्राह्मी देण्याआधी विचारू लागल्या, "कंची गोळी चालू हाय का रे? खरं सांग."

पुढे मी लातूर सोडलं. बऱ्याच वर्षांनी भर उन्हाळ्यात भेटायला गेलो, तेव्हा मालक नव्हते. चांगले म्हातारे होऊन, झोपेतच गेले म्हणे. मावशींनी चहा केला, त्यात साखर होती. निघताना त्यांनी माझ्या कपाळावरचा घाम पाहिला आणि त्यांचा हात पदराकडे गेला.

"मावशी, मला साखरेचा त्रास नाही हो."

"ठाव हाय की," गाठ सोडत त्या म्हणाल्या. "पर रोज सकाळी गाठ बांधतेच मी अजून. सोडायला कुनीतरी पायजे ना, सर?"

मी हात पुढे केला. तो थोडा थरथरला, आणि ते ढोंग नव्हतं.